पहिला दाढीचा ब्रश कोणता घ्यावा? साताऱ्यातील नवख्याला सल्ला हवा आहे

गोडोलीकर

सर्व सभासदांना नमस्कार.

गेली सहा वर्षे मी कार्ट्रिजच्या रेझरने आणि डब्यातल्या तयार फेसाने दाढी करत होतो. घाटीच्या खाली केस आत वळून पुटकुळ्या येत आणि त्यांतल्या काही पिकत. एका पात्याच्या रेझरने, केस भरपूर भिजवून आणि केसांच्या कलाने दाढी करा, असे त्वचारोगतज्ज्ञांनी सुचवल्यावर मी साधा सेफ्टी रेझर घेतला. त्याला दोन महिने झाले. पुटकुळ्या निम्म्याहून कमी झाल्या आहेत, त्यामुळे रेझर आणि ब्लेड यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अडचण आहे ती ब्रशची.

ब्रश मी शहरातल्या एका दुकानातून नव्वद रुपयांना घेतला. तिसऱ्या दिवशी आरशात पाहिले तर गालावरच्या फेसात चार-पाच पांढरे केस चिकटलेले होते. दुसऱ्या आठवड्यात जुडग्याच्या मधोमध करंगळीचे टोक जाईल एवढा खळगा पडला. आता ब्रश गालावर टेकवला की केस चहूबाजूंना फाकतात आणि मुठीची प्लॅस्टिकची कड कातडीला लागते. फेस पहिल्या मिनिटाला भरघोस दिसतो, पण दोन्ही गाल उरकून वरच्या ओठाशी येईपर्यंत हनुवटीवरचा फेस वाळून त्याचा पापुद्रा झालेला असतो. यात ब्रशचा दोष किती आणि माझ्या हाताचा किती, हे मला ठरवता येत नाही.

नवा ब्रश घ्यायचा तर आठशे रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. डुकराचे केस, बॅजरचे केस आणि कृत्रिम केस असे तीन प्रकार वाचनात आले, पण पहिला ब्रश म्हणून यांतला कोणता घ्यावा, त्याचा आकार केवढा असावा आणि तो टिकवायचा कसा, हे अनुभवी लोकांकडून समजून घ्यायचे आहे. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. आमचे घर माळकरी आहे आणि डुकराच्या केसांची वस्तू मोरीत ठेवलेली आईला रुचणार नाही. दुसरे असे की, आमच्याकडे काही दिवस नगरपालिकेच्या नळाचे पाणी वापरतो आणि काही दिवस बोअरचे. याचा फेसाशी काही संबंध असेल, तर तेही सांगावे.

कृष्णाकाठ

गोडोलीकर, दोष तुमच्या हाताचा असलाच तर थोडा आहे. फार स्वस्त ब्रशमध्ये जुडगा विरळ असतो, तो मुठीच्या खाचेत पुरेसा खोल बसवलेला नसतो आणि बुडाशी चिकटद्रव्यही बेताचेच घातलेले असते. कोणत्याही नव्या ब्रशचे सुरुवातीच्या आठ-दहा दिवसांत थोडे केस गळतात, त्याची काळजी करू नये. पण मधोमध खळगा पडला म्हणजे तिथले केस बुडापासून सुटले आहेत आणि असा ब्रश पुन्हा सुधारत नाही. तो दाढीच्या कामातून काढून टाका.

माझे स्पष्ट मत असे आहे की, पहिला ब्रश कृत्रिम केसांचाच घ्यावा. मी सांगलीचा, आमचे घर जैन, त्यामुळे माझ्यापुरता हा प्रश्न खरेदीच्या आधीच सुटलेला होता. पण घरातला दंडक बाजूला ठेवला तरी नवख्या माणसाला मी हेच सांगेन. पूर्वीचे नायलॉनचे ब्रश जाड आणि टोचणारे असत आणि त्यांची आठवण असलेले लोक अजूनही ‘प्लॅस्टिकचा ब्रश’ म्हणून नाक मुरडतात. आताचे चांगले कृत्रिम केस बारीक असतात, टोकाकडे निमुळते होत जातात आणि गालावर अतिशय मऊ लागतात. ते स्वतः पाणी शोषत नाहीत, म्हणून दाढीपूर्वी भिजत घालावे लागत नाहीत, साबण आत अडकून राहत नाही आणि ब्रश काही तासांत कोरडा होतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात, जेव्हा दोरीवरचा टॉवेलसुद्धा दोन दिवस ओलसर राहतो, तेव्हा या शेवटच्या गुणाची किंमत कळते. जनावराच्या केसांचा ब्रश अशा हवेत बंद कपाटात ठेवला तर त्याला कुबट वास लागतो आणि बुडाशी बुरशीही धरते.

या ब्रशची एक खोड मात्र आहे. कृत्रिम केसांत पाणी केवळ केसांच्या मधल्या जागेत साठते, त्यामुळे ब्रश पाण्यातून काढून तसाच गालावर दाबला तर सगळे पाणी एकदम कोपरापर्यंत ओघळते. शिवाय केसांना उसळी असल्यामुळे सुरुवातीला फेसाचे थेंब आरशावर उडतात. दोन-तीन वेळा झटकून घेतलेल्या ब्रशने सुरुवात करावी आणि पाणी पुढे थेंबाथेंबाने वाढवावे. आठवड्याभरात हाताला त्याचा अंदाज येतो.

आकाराबद्दल सांगायचे, तर जुडग्याचा बुडाशी असलेला व्यास २२ ते २४ मिलिमीटर आणि केसांची मुठीबाहेरची उंची ५० मिलिमीटरच्या आसपास असावी. २६ किंवा २८ मिलिमीटरचे ब्रश चित्रात भव्य दिसतात, पण नाकाखाली आणि कल्ल्यांच्या कडेला ते आवरत नाहीत आणि साबणही जास्त खातात. उंची फार असेल तर ब्रश लुळा पडतो, फार कमी असेल तर ताठ राहून टोचतो. मूठ ओल्या, साबणाच्या हातातून निसटू नये म्हणून मध्ये कमरेसारखी खोलगट असलेली घ्या, आणि लाकडापेक्षा रेझिनची घ्या, कारण रोज भिजणाऱ्या लाकडाचे रोगण कधी ना कधी तडकते. तुमच्या आठशे रुपयांत असा ब्रश बसतो. याकीसारख्या चिनी कंपन्यांचे कृत्रिम ब्रश ऑनलाइन मिळतात आणि एका भारतीय विक्रेत्याकडून घेतलेला माझा ब्रश रोजच्या वापरात चौथ्या वर्षीही जसाच्या तसा आहे.

वाईचा जुना सभासद

वरील प्रतिसादातील बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत. तरीही डुकराच्या केसांची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे, म्हणून लिहितो. मी तीस वर्षांहून अधिक काळ त्याच जातीचा ब्रश वापरत आहे.

डुकराचा केस राठ असतो आणि पाणी स्वतःत शोषून घेतो. म्हणूनच दाढीपूर्वी तो चार-पाच मिनिटे कोमट पाण्यात उभा ठेवावा लागतो. कोरडा असताना तो झाडूच्या काडीसारखा ताठ वाटतो, पण भिजल्यावर नरम होतो. त्याची खरी गंमत टोकाला आहे. पंधरा-वीस दाढ्यांनंतर प्रत्येक केसाचे टोक फाटून त्याचे दोन-तीन बारीक तंतू होतात. भिंगाखाली पाहिलेत तर स्पष्ट दिसते. त्यामुळे टोके मऊ होतात, पण कणा ताठच राहतो. वडीच्या किंवा गोल टिकियेच्या कडक साबणावर असा ब्रश फिरवला की साबण भराभर सुटतो, तसा तो कृत्रिम ब्रशने सुटत नाही. इटलीची ओमेगा आणि पोर्तुगालची सेमोग या कंपन्या याच प्रकारासाठी नावाजलेल्या आहेत आणि त्यांचे साधे ब्रश फार महागही नसतात. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या बिजनोर जिल्ह्यातील शेरकोट हे गाव ब्रश बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे.

मात्र पहिल्या महिन्यात हा ब्रश माणसाची परीक्षा पाहतो. त्याला जनावराचा वास येतो, तो टोचतो आणि केलेला फेस स्वतःच पिऊन टाकतो. शाम्पूने दोनदा धुऊन, तळहातावर फेस करून, पूर्ण वाळवून असे आठवडाभर केले की वास जातो. ज्याची मानेची कातडी आधीच दुखावलेली आहे, त्याने हा महिना काढावा असे मी म्हणणार नाही. आणि घरात माळ असताना, आईंच्या मनाविरुद्ध ही वस्तू मोरीत आणणे मला योग्य वाटत नाही. त्यामुळे डुकराच्या केसांच्या ब्रशवर माझे प्रेम असूनही तुम्हाला मी कृत्रिमच घ्या असे सांगतो.

बॅजरविषयी दोन शब्द. बॅजर हा बिळात राहणारा, करड्या अंगाचा आणि चेहऱ्यावर काळे-पांढरे पट्टे असलेला प्राणी. त्याचे ब्रशसाठीचे केस मुख्यतः चीनमधून येतात आणि ते प्राणी मारूनच मिळवले जातात. केस पाणी उत्तम धरतो यात शंका नाही. पण प्युअर, बेस्ट, सिल्व्हरटिप अशी जी प्रतवारी छापलेली असते, तिला सर्वांवर बंधनकारक असे कोणतेही प्रमाण नाही. एका कंपनीचा ‘बेस्ट’ दुसऱ्या कंपनीच्या ‘प्युअर’हून राठ निघू शकतो. आठशे रुपयांत खरा, चांगला बॅजर येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

जुन्या बाजारातला, कोणत्या केसाचा आहे हे ठाऊक नसलेला ब्रशही घेऊ नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरच्या केसांचा पुरवठा तुटला, तेव्हा घोड्याचे केस बॅजरसारखे दिसतील असे रंगवून ब्रश बनवले गेले. ते केस नीट निर्जंतुक न केल्यामुळे ब्रिटन आणि अमेरिकेत दाढी करणाऱ्यांना काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संसर्ग झाला आणि त्यात माणसे दगावली. आजचे नवे ब्रश तसे नसतात, परंतु त्या काळचा ब्रश शोभेची वस्तू म्हणूनच ठेवावा.

मिरजेचा मास्तर

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून पाण्याच्या प्रश्नापुरतेच लिहितो. माझ्या मते तुमचा अर्धा प्रश्न तिथेच आहे.

साबण म्हणजे स्निग्धाम्लांचे सोडियमचे किंवा पोटॅशियमचे क्षार. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असते. ते साबणाशी संयोग पावून न विरघळणारा, चिकट, पांढरा साका तयार करतात. तुमच्या वाटीच्या कडेला जो राखाडी थर बसतो, तो हाच. म्हणजे ब्रशवर घेतलेल्या साबणाचा काही भाग फेस होण्याच्या आधीच पाण्याने गिळलेला असतो. जो उरतो त्याचा फेस पातळ होतो, त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि तो लवकर वाळतो. कासच्या तलावाचे पाणी हे पावसाचे साठवलेले पाणी आहे, त्यामुळे ते तुलनेने मृदू, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी असलेले, असते. तुमच्या घरी त्याच तलावाचे पाणी येते की दुसऱ्या योजनेचे, याची चौकशी करा. माझी बहीण जत तालुक्यात राहते, तिच्याकडे गेलो की तोच साबण आणि तोच ब्रश असूनही मला जवळजवळ दुप्पट साबण घ्यावा लागतो.

घरच्या घरी परीक्षा करता येते. दोन सारख्या बाटल्यांत अर्धी-अर्धी वाटी पाणी घ्या, एकात नळाचे आणि दुसऱ्यात बोअरचे. दोन्हींत साबणाचा सारखाच, हरभऱ्याएवढा तुकडा टाकून सारखेच हलवा आणि पाच मिनिटे ठेवून द्या. एकात फेस तसाच उभा असेल आणि दुसऱ्यात पाणी गढूळ होऊन वर तवंग आला असेल, तर उत्तर मिळाले.

उपाय सोपा आहे, कारण दाढीला लागणारे पाणी वाटीभरच असते. बोअरचे पाणी आदल्या दिवशी पाच-दहा मिनिटे खळखळून उकळा, निवू द्या आणि वरचे निवळ पाणी घ्या. त्यामुळे बायकार्बोनेटांमुळे आलेला जडपणा (म्हणजे फेस होऊ न देणारा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा अंश) तळाशी साक्याच्या रूपाने बसतो. सल्फेट आणि क्लोराइड यांमुळे आलेला जडपणा उकळून जात नाही. तो असेल तर फिल्टरचे पाणी किंवा पावसाळ्यात पन्हळीचे धरलेले पाणी वापरा. चेहरा धुण्यासाठी बोअरचे पाणी खुशाल वापरा. फेस करण्यापुरते मृदू पाणी पुरे आहे.

गावभागातील कारागीर

आमचा पिढीजात नाभिकाचा व्यवसाय आहे आणि सांगलीच्या गावभागात वडिलांच्या वेळेपासून दुकान आहे. ब्रशचे केस आणि पाणी यांवर वरील मंडळींनी उत्तम लिहिले आहे. मी हाताबद्दल लिहितो, कारण प्रश्न वाचताच माझे लक्ष ‘मुठीची कड कातडीला लागते’ या वाक्यावर गेले.

कड लागते याचा अर्थ तुम्ही ब्रश गालावर दाबून घासता. ब्रश हा घासण्यासाठी नाही. त्याची फक्त टोके कातडीला लागली पाहिजेत आणि केस साधारण एक तृतीयांश उंचीपर्यंतच वाकले पाहिजेत. जुडगा बुडापर्यंत चेपला की मधले केस मोडतात आणि मुळाशी ढिले होतात. नव्वद रुपयांचा ब्रश वाईट होताच, पण आठशे रुपयांचा ब्रशही अशा दाबाने वर्षभरात खळगा दाखवील. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमच्याकडे शिकायला येणारी मुलेही पहिल्या महिन्यात हेच करतात. आम्ही त्यांना ब्रश मुठीत धरू देत नाही, तीन बोटांच्या चिमटीत धरायला लावतो. चिमटीत धरलेल्या ब्रशवर फार जोर देताच येत नाही.

आता कृती सांगतो. तोंड कोमट पाण्याने धुवा आणि पुसू नका. क्रीम असेल तर बदामाएवढे घ्या. साबण असेल तर ब्रश त्यावर अर्धा मिनिट फिरवा, म्हणजे टोकांवर दाट लेप येतो. मग वाटीत किंवा थेट गालावर गोल-गोल फिरवत फेस करा. फेस घट्ट आणि कोरडा वाटला की ब्रशची टोकेच तेवढी पाण्यात बुडवून पुन्हा फिरवा. असे तीन-चारदा करावे लागते. नवशिक्याचा फेस वाळतो याचे सर्वांत मोठे कारण हे की, त्याला पांढरा डोंगर दिसला की काम झाले असे वाटते. चांगला फेस फुगलेला नसतो. तो विरजलेल्या दाट दह्यासारखा, चकाकणारा असतो, त्यात डोळ्यांना दिसतील असे बुडबुडे नसतात आणि दोन बोटांमध्ये घेतला तर बुळबुळीत लागतो. शेवटी गोल फिरवणे थांबवून भिंतीला रंग देतात तसे आडवे-उभे हलके हात द्या. मानेवर जिथे तुमचे केस आत वळतात, तिथे गोल फिरवण्याऐवजी केवळ हेच हात द्या. कोरडेपणा जाणवला तर रेझर ठेवा आणि पुन्हा फेस लावा. एकाच लेपात सगळी दाढी उरकली पाहिजे असा कुठे नियम नाही.

दाढी झाल्यावर ब्रश वाहत्या पाण्याखाली धरून, बोटांनी बुडाशी चेपून साबण पूर्ण काढा. पिळून पीळ देऊ नका. झटका, टॉवेलवर दोनदा फिरवा आणि हवेशीर जागी ठेवा. उभा ठेवा की उलटा टांगा, याने फारसा फरक पडत नाही. बंद डबीत मात्र ठेवू नका. उकळते पाणी ब्रशवर कधीही ओतू नका, कारण बुडाचे चिकटद्रव्य उष्णतेने सैल होते. बोअरच्या पाण्याचा साका केसांत साठून ब्रश चिकट वाटू लागला, तर महिन्यातून एकदा वाटीभर पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घालून पाच मिनिटे बुडवा आणि स्वच्छ धुवा.

गोडोलीकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. बाटल्यांची परीक्षा कालच केली. बोअरच्या बाटलीत दुधट पाणी आणि वर करडा तवंग, नळाच्या बाटलीत दोन बोटे उभा फेस. आईलाही दाखवले.

एक शंका राहिली आहे. एका संकेतस्थळावर सातशे रुपयांत ‘सिल्व्हरटिप’ लिहिलेला ब्रश दिसतो, पण तो बॅजरचा आहे की कृत्रिम, हे वर्णनात कुठेच स्पष्ट नाही. असे असेल तर ओळखायचे कसे?

वाईचा जुना सभासद

वर्णनात केसाचा प्रकार लिहिलेला नसेल तर तो ब्रश घेऊच नका. प्रामाणिक विक्रेता ही गोष्ट लपवत नाही. कृत्रिम केसही बॅजरसारखे पांढऱ्या टोकांचे आणि मध्ये काळ्या पट्ट्याचे रंगवलेले असतात, त्यामुळे चित्रावरून काही कळत नाही. ब्रश हातात आल्यावर गळलेला एखादा केस चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. जनावराचा केस असेल तर केस जळाल्याचा ओळखीचा वास येतो आणि बोटांत चुरडली जाणारी राख उरते. कृत्रिम असेल तर तो आक्रसून वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो.

गोडोलीकर

चार आठवडे झाले, म्हणून कळवतो. २४ मिलिमीटरचा कृत्रिम केसांचा, रेझिनच्या मुठीचा ब्रश सहाशे चाळीस रुपयांना घेतला. पहिल्या आठवड्यात तीन केस गळले, त्यानंतर एकही नाही. ज्योतीजवळ नेलेल्या केसाचा बारीक काळा मणी झाला. कृष्णाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या दिवशी कोपरापर्यंत पाणी ओघळलेच. आता ब्रश झटकून घेतो आणि चिमटीत धरतो. सुरुवातीला चिमटीतून तो दोनदा वाटीत पडला, पण आता सवय झाली आहे.

मागच्या मंगळवारी नळाला पाणी आले नाही, तेव्हा रात्री उकळून निवळलेले बोअरचे पाणी वापरले. नळाच्या पाण्याइतका फेस आला नाही, पण हनुवटीवरचा लेप वरच्या ओठापर्यंत ओला राहिला. घाटीखाली या महिन्यात एकच पुटकुळी आली, आणि तीही ज्या दिवशी घाईत दुसऱ्यांदा फेस न लावता त्याच जागेवरून पुन्हा रेझर फिरवला, त्या दिवसाची. क्रीम संपत आले आहे. पुढच्या महिन्यात वडीचा साबण घेऊन पाहणार आहे आणि या ब्रशने तो किती सुटतो, ते इथेच लिहीन.